तंत्रज्ञानातील कारकीर्द : पदवीच्या पुढचा प्रवास

बारावीचे निकाल लागले की बँकेच्या शाखांमधून शैक्षणिक कर्जाच्या अर्जांची लगबग सुरू होते. संगणक अभियांत्रिकी, माहिती तंत्रज्ञान आणि अलीकडच्या काळात कृत्रिम बुद्धिमत्ता व डेटा सायन्स या शाखांकडे विद्यार्थ्यांचा ओढा अधिक असतो. अर्जासोबत पालकांचा एक प्रश्नही हमखास येतो : ‘कोणत्या शाखेला पुढे जास्त वाव आहे?’ प्रश्न रास्तच आहे. अनेक कुटुंबांच्या आयुष्यात घराखालोखाल सर्वांत मोठे कर्ज हेच असते. अभ्यासक्रम पूर्ण झाल्यानंतर साधारणतः वर्षभराने हप्ते सुरू होतात, आणि मुलाला मनासारखी नोकरी मिळेपर्यंत हप्ता थांबून राहत नाही.

तथापि या प्रश्नामागे एक गृहीतक दडलेले असते. शाखा योग्य निवडली की कारकीर्द आपोआप घडते, हे ते गृहीतक होय. तंत्रज्ञानाच्या क्षेत्राचा आजवरचा इतिहास मात्र याला दुजोरा देत नाही. पदवीमुळे या क्षेत्राचे दार उघडते, हे खरे. परंतु आत गेल्यावर तीस-पस्तीस वर्षे टिकून राहण्यासाठी लागणारी शिदोरी निराळी असते. ती दोन गोष्टींची बनलेली आहे : न शमणारी जिज्ञासा आणि माणसांना समजून घेण्याचे कौशल्य.

तंत्र बदलते, मूळ प्रश्न राहतो

यासाठी दूरचे उदाहरण शोधण्याची गरज नाही. भारतीय बँकिंगचा गेल्या चाळीस वर्षांचा प्रवास पुरेसा बोलका आहे. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये बँकांच्या यांत्रिकीकरणाची दिशा आखून दिली, तेव्हा बहुतेक शाखांमधून जाडजूड खतावण्यांचे राज्य होते. त्यानंतर लेजर पोस्टिंगची यंत्रे आली, मग संपूर्ण शाखेचे संगणकीकरण झाले, आणि नव्या शतकात कोअर बँकिंगने ‘शाखेचा ग्राहक’ ही कल्पना मागे टाकून ‘बँकेचा ग्राहक’ ही कल्पना रुजविली. २००४ मध्ये आरटीजीएस, २००५ मध्ये एनईएफटी, २०१० मध्ये आयएमपीएस आणि २०१६ मध्ये यूपीआय असे टप्पे त्यानंतर वेगाने येत गेले.

१९८५ च्या सुमारास लिपिक म्हणून रुजू झालेल्या एखाद्या कर्मचाऱ्याने निवृत्त होईपर्यंत किमान चार वेळा आपले काम नव्याने शिकून घेतले. पहिल्या यंत्राचे प्रशिक्षण दुसऱ्या यंत्राच्या वेळी फारसे उपयोगी पडले नाही. उपयोगी पडले ते निराळेच काही. खात्याला जमा कशासाठी, नावे कशासाठी, दिवसअखेर ताळा का जुळावा लागतो आणि तो जुळला नाही तर चूक कोठे शोधावी, हे ज्यांना मुळातून ठाऊक होते, त्यांना प्रत्येक नवी प्रणाली म्हणजे जुन्याच हिशेबाला मिळालेले नवे वस्त्र वाटले. केवळ ‘कोणती कळ दाबावी’ एवढेच ज्यांनी पाठ केले होते, त्यांना प्रत्येक बदल संकटासारखा भासला.

तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यालाही हाच न्याय लागू होतो. पहिल्या वर्षी शिकलेली संगणकीय भाषा शेवटच्या वर्षापर्यंत मागे पडलेली असू शकते. मात्र माहिती कशी साठवावी, ती कशी शोधावी, एकाच वेळी दोघांनी एकच नोंद बदलली तर काय करावे, हे प्रश्न पन्नास वर्षांपूर्वीही होते आणि आजही आहेत. जो भाषेच्या मागचा प्रश्न शोधतो, त्याला नवी भाषा काही आठवड्यांत अवगत होते.

घड्याळे उघडणारी मुलगी

जिज्ञासा म्हणजे काय, याचे उत्तर ग्रेस हॉपर यांच्या चरित्रात सापडते. १९०६ मध्ये न्यूयॉर्क येथे जन्मलेल्या या मुलीने वयाच्या सातव्या वर्षी घरातील गजराचे घड्याळ आतून कसे चालते हे पाहण्यासाठी खोलले. ते पुन्हा जुळेना, म्हणून तिने दुसरे खोलले. अशी घरातील सात घड्याळे सुटी झाली. तिच्या आईने तिला कायमची बंदी घातली नाही. यापुढे एकाच घड्याळावर प्रयोग करायचे, एवढेच ठरले. पालकांसाठी यात मोठा धडा आहे.

पुढे गणितात येल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून हॉपर यांनी अमेरिकेच्या नौदलात प्रवेश केला आणि १९४४ मध्ये त्या हार्वर्ड येथील ‘मार्क वन’ या अवाढव्य संगणकावर काम करू लागल्या. त्या काळी संगणकाशी संवाद साधायचा तो आकड्यांच्या भाषेत. व्यवसायात काम करणाऱ्या सामान्य माणसाला हे आकडे कसे कळणार, हा प्रश्न हॉपर यांनी विचारला आणि संगणकाने माणसाच्या नित्याच्या शब्दांतील आज्ञा समजून घ्याव्यात, असा आग्रह धरला. हे शक्यच नाही, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांच्या याच प्रयत्नांच्या पायावर १९५९ मध्ये ‘कोबोल’ या भाषेची आखणी झाली. जगातील अनेक बँकांचे हिशेब आजही या भाषेत लिहिलेल्या आज्ञावलींवर चालतात.

हॉपर यांचा दुसरा गुण म्हणजे समजावून सांगण्याची हातोटी. उपग्रहामार्फत संदेश पोहोचण्यास एवढा वेळ का लागतो, असे वरिष्ठ अधिकारी विचारीत. तेव्हा त्या सुमारे ३० सेंटिमीटर लांबीची एक तार पुढे करीत. एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात वीज जास्तीत जास्त एवढेच अंतर कापू शकते, हे ती तार हातात घेताच कळत असे. एकही समीकरण न मांडता एक अवघड कल्पना ऐकणाऱ्याच्या हाती देणे, हे उच्च दर्जाचे तांत्रिक कौशल्य आहे. ते कोणत्याही परीक्षेत तपासले जात नाही, हे दुर्दैव होय.

यंत्राची रचना आणि माणसाचा स्वभाव

एटीएम यंत्राच्या जन्मकथेतही माणूसच केंद्रस्थानी आहे. भारतातील शिलाँग येथे १९२५ मध्ये जन्मलेले जॉन शेफर्ड-बॅरन हे इंग्लंडमध्ये नोटा छापणाऱ्या एका कंपनीत अधिकारी होते. एका शनिवारी बँक बंद झाल्याने त्यांना स्वतःचे पैसे मिळू शकले नाहीत. नाणे टाकताच चॉकलेट देणारे यंत्र असू शकते, तर नोटा देणारे का असू नये, हा विचार त्यांच्या मनात आला. २७ जून १९६७ रोजी लंडनच्या उत्तरेकडील एन्फिल्ड येथे बार्कलेज बँकेच्या शाखेत त्यांचे यंत्र सुरू झाले. भारतात असे पहिले यंत्र १९८७ मध्ये मुंबईत आले.

गुप्त क्रमांक सहा आकडी असावा, असे शेफर्ड-बॅरन यांना प्रथम वाटत होते. त्यांनी ही कल्पना घरी पत्नीला सांगितली. आपल्याला चारच आकडे लक्षात राहतील, असे तिने सांगितले आणि त्यांच्या यंत्राचा क्रमांक चार आकडी झाला, अशी आठवण त्यांनीच पुढे सांगितली आहे. गुप्त क्रमांकाच्या तंत्राचे पेटंट मात्र स्कॉटलंडचे अभियंते जेम्स गुडफेलो यांच्या नावे १९६६ सालचे आहे, याचीही येथे नोंद घ्यावयास हवी. एकच अडचण अनेकांना दिसत असते. ती सोडविण्याचा ध्यास थोडेच घेतात, एवढे या दोन्ही नावांवरून लक्षात येते.

याच यंत्राची आणखी एक गोष्ट तंत्रज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावी अशी आहे. पूर्वीची अनेक यंत्रे आधी पैसे देत आणि नंतर कार्ड परत करीत. पैसे हाती पडले की माणसाच्या मनात काम संपते. परिणामी कार्डे यंत्रातच विसरली जात. यावर ‘ग्राहकांनी दक्ष राहावे’ अशी पाटी लावता आली असती. परंतु कोणीतरी ग्राहकाचा विसरभोळेपणा हा दोष न मानता स्वभाव मानला आणि क्रम उलटा केला : आधी कार्ड, मग पैसे. या एका बदलात यंत्रशास्त्र थोडे आणि मानसशास्त्र अधिक आहे.

भारतात यूपीआयच्या प्रसारातही हेच दिसते. भाजीविक्रेत्याचे दोन्ही हात तराजूत गुंतलेले असतात. प्रत्येक वेळी भ्रमणध्वनी काढून संदेश वाचणे त्याला शक्य नसते. रक्कम जमा झाल्याचे मोठ्याने सांगणारी छोटी पेटी त्याच्या गाड्यावर आली, तेव्हा त्याचा विश्वास बसला. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, अशांसाठी मार्च २०२२ मध्ये साध्या फोनवरून व्यवहार करण्याची सोय झाली. अशा सोयी सुचण्यासाठी गाड्याजवळ थोडा वेळ उभे राहावे लागते.

पटवून देण्याची कला

उत्तम कल्पना सुचणे हा अर्धाच प्रवास असतो. वडोदरा येथे वाढलेले आणि तेथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट यांचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. घरी मुलीच्या शाळेच्या कामासाठी संगणकाला प्रिंटर जोडताना पत्नीची होणारी तारांबळ त्यांनी पाहिली. त्या काळी प्रत्येक उपकरणाची जोडणी निराळी असे. विजेचे बटण दाबावे इतक्या सहजतेने उपकरण का जोडता येऊ नये, या प्रश्नातून ‘यूएसबी’ची कल्पना आकाराला आली.

परंतु जोडणी सर्वत्र एकसारखी व्हायची, तर सर्व उत्पादकांनी ती स्वीकारणे भाग होते. इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक यांच्यासह सात कंपन्या एकत्र आल्या आणि १९९६ मध्ये पहिले प्रमाणक प्रसिद्ध झाले. या कंपन्या एरवी एकमेकींच्या स्पर्धक होत्या. त्यांना एका टेबलाशी बसविणे आणि प्रत्येकीचा आक्षेप ऐकून त्यातून सर्वमान्य मार्ग काढणे, हे काम अभियांत्रिकीच्या पुस्तकांत नसते. तरीही ते झाले नसते, तर आज जगातील कोणत्याही कार्यालयात तीच वायर दिसली नसती.

ऐकून न घेतल्याची किंमत

मानवी कौशल्यांना ‘सॉफ्ट स्किल्स’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. या नावामुळे ती दुय्यम, असली तर बरी, अशी वाटू लागतात. ती नसली तर काय घडते, याचा दाखला ब्रिटनच्या टपाल खात्यातील ‘होरायझन’ प्रकरणाने दिला आहे. बँकेत रोखीचा हिशेब सांभाळणाऱ्या प्रत्येकाने ते जाणून घ्यावे.

१९९९ पासून ब्रिटनमधील टपाल कार्यालयांत ‘होरायझन’ ही संगणक प्रणाली बसविण्यात आली. त्यानंतर गावोगावच्या उप-टपालचालकांच्या हिशेबात तूट दिसू लागली. वर्षानुवर्षे चोख व्यवहार करणारी ही माणसे मदतीसाठी दूरध्वनी करीत. अशी तक्रार करणारे तुम्ही एकटेच आहात, असे उत्तर अनेकांना मिळाले. प्रणालीत दोष असू शकेल हे मान्य करण्याऐवजी माणसांवर चोरीचा आणि खोटे हिशेब ठेवल्याचा आरोप ठेवण्यात आला. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक व्यक्ती दोषी ठरल्या. काहींना तुरुंगवास घडला, अनेकांनी घर आणि पुंजी गमावली, काहींनी जीवन संपविले. ॲलन बेट्स यांच्या पुढाकाराने ५५५ जणांनी दिलेल्या लढ्यात डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीत दोष होते, असा निर्वाळा दिला. अखेर मे २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेने विशेष कायदा करून शेकडो शिक्षा रद्द केल्या.

संगणकीय आज्ञावलीत दोष राहणे ही अनपेक्षित बाब नव्हे. मोठ्या प्रणालीत ते राहतातच. येथील खरे अपयश जिज्ञासेचे होते. प्रामाणिक म्हणून ओळखली जाणारी शेकडो माणसे एकाएकी चोर कशी झाली, हा साधा प्रश्न ज्यांनी विचारावयास हवा होता, त्यांनी तो वर्षानुवर्षे विचारला नाही. दूरध्वनीच्या पलीकडे बसलेल्या माणसाचे म्हणणे हीसुद्धा एक नोंद असते आणि पडद्यावरील आकड्याइतकेच तिलाही मोल असते, हे विसरले गेले.

‘सिस्टीममध्ये असेच दिसते आहे’ हे वाक्य भारतातील खिडक्यांवरही अपरिचित नाही. एटीएममधून रक्कम न मिळता खात्यातून वजा झाली, तर ठरलेल्या व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती परत जमा व्हावी, अन्यथा दररोज १०० रुपये भरपाई द्यावी, असा नियम रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये केला. नियमाने रक्कम परत मिळते. मात्र एकाच यंत्राबाबत एकाच आठवड्यात तीन तक्रारी का आल्या, असे स्वतःहून विचारणारा कर्मचारी नियमाने घडविता येत नाही. तो जिज्ञासेनेच घडतो.

दोन आक्षेप

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, नोकरीसाठी निवड करताना कंपन्या तर आज्ञावली लिहिण्याचीच परीक्षा घेतात. मग या गुणांचा उपयोग काय? आक्षेपात तथ्य आहे. गणित, तर्क आणि सराव यांना पर्याय नाही. पायाभूत ज्ञानाविना जिज्ञासा ही केवळ चौकसपणा ठरते आणि संवादकौशल्य केवळ वाक्चातुर्य. हे गुण ज्ञानाच्या जागी यावेत असे कोणीही म्हणणार नाही. ज्ञानाला दिशा देणे हे त्यांचे काम आहे. शिवाय ज्या कामावर पहिली नोकरी मिळत असे, त्याचे स्वरूपच आता पालटते आहे. २०२२ च्या अखेरीपासून साध्या वाक्यात मागणी केली की आज्ञावली लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सर्वांच्या हाती आली आहेत. ती वेगाने लिहितात, आणि कधी कधी तितक्याच आत्मविश्वासाने चुकीचेही लिहितात. अशा वेळी नेमके काय हवे आहे हे ग्राहकाकडून काढून घेणारा, ते स्पष्ट शब्दांत मांडणारा आणि मिळालेले उत्तर संशयाने तपासणारा माणूस अधिक मोलाचा ठरतो.

दुसरा आक्षेप अधिक हळवा आहे. ‘कम्युनिकेशन स्किल’ म्हणजे फर्डे इंग्रजी, या समजुतीमुळे मराठी माध्यमातून आणि लहान गावांतून आलेले अनेक विद्यार्थी मनातून खचतात. ही समजूत घातक आहे. इंग्रजी हे या क्षेत्राचे आवश्यक साधन आहे, ते शिकलेच पाहिजे. परंतु भाषेची सफाई आणि संवादाचे कौशल्य या दोन भिन्न गोष्टी होत. ओटीपी कोणालाही का सांगू नये, हे आजीला पटेल अशा शब्दांत सांगणारी मुलगी संवादकुशल आहे, मग तिने ते मराठीत सांगितलेले असो वा कानडीत. घराबाहेर दोन-तीन भाषा कानावर पडत वाढलेल्या इंदूर, बेळगाव वा हैदराबाद येथील मराठी मुलांकडे तर समोरच्याला ओळखून बोलण्याची ही शिदोरी आधीपासूनच असते. तिची जाणीव त्यांना करून देणे, हे शिक्षकांचे आणि पालकांचे काम आहे.

काय करता येईल?

हे गुण जन्मजातच असावे लागतात असे नाही. सवयीने ते अंगी बाणविता येतात. विद्यार्थ्याने दर आठवड्याला एखादी नेहमीच्या वापरातील गोष्ट निवडावी आणि ती आतून कशी चालते याचा शोध घ्यावा. धनादेशाच्या तळाशी असलेले चुंबकीय शाईतील आकडे कशासाठी असतात? क्यूआर कोडच्या तीन कोपऱ्यांत मोठे चौकोन का असतात? आयएफएससी मधील पाचवे स्थान नेहमी शून्य का असते? उत्तर मिळाल्यावर ते एका पानावर, अभ्यासक्रमाबाहेरच्या माणसाला कळेल असे लिहून काढावे. जे लिहिता येत नाही ते पुरते समजलेलेच नसते, हा अनुभव त्यातून लवकरच येईल.

प्रकल्पाचा विषय निवडतानाही संकेतस्थळावरून तयार प्रकल्प उतरवून घेण्याऐवजी जवळच्या सहकारी दूध संस्थेत, ग्रंथालयात अथवा किराणा दुकानात चार दिवस बसावे. तेथील माणसे कोठे अडतात हे आधी पाहावे, संगणक नंतर उघडावा. मुलाखतीत ‘हा प्रकल्प का केला?’ या प्रश्नाचे उत्तर मग पाठ करावे लागत नाही.

पालकांनी महाविद्यालय निवडताना केवळ वेतनाचे सर्वोच्च आकडे विचारू नयेत. प्रयोगशाळा किती वेळ खुल्या असतात, विद्यार्थ्यांना प्रश्न विचारू दिले जातात का, अंतिम वर्षाचे प्रकल्प प्रत्यक्षात कोणी वापरते का, हेही विचारावे. कर्जाची रक्कम ठरविताना या उत्तरांचाही विचार व्हावा. कारण हप्ता फेडण्याची क्षमता अखेर याच गुणांतून येणार असते.

बँक कर्मचाऱ्यांसाठी तर ही संधी रोज खिडकीशी चालून येते. एकच तक्रार तिसऱ्यांदा ऐकू आली की तिची नोंद तारीख, वेळ आणि यंत्राच्या क्रमांकासह करून माहिती तंत्रज्ञान विभागाला कळविणे, हे तंत्रज्ञानाचेच काम आहे. असे नेमके लिहून पाठविणाऱ्या कर्मचाऱ्याला तंत्रज्ञ शोधत येतात, आणि वाणिज्य शाखेची पदवी घेतलेल्या व्यक्तीसाठीही तंत्रज्ञानातील कारकिर्दीची वाट तेथूनच खुली होते. ग्राहकांनीही अडचण सांगताना ‘तुमचे ॲप चालत नाही’ एवढ्यावर न थांबता काय केले आणि पडद्यावर काय दिसले, एवढे सांगितले तरी मोठे साहाय्य होईल.

शाखा कोणतीही निवडली, तरी येत्या तीस वर्षांत तिचे नाव आणि तिची साधने बदलणार, हे निश्चित आहे. ‘हे असे का?’ असे यंत्राला विचारण्याची आणि ‘तुम्हाला नेमकी अडचण काय?’ असे माणसाला विचारण्याची सवय मात्र प्रत्येक नव्या साधनासोबत उपयोगी पडत राहील. कर्जाच्या अर्जात या सवयीसाठी रकाना नाही. ती लावण्याचे काम घराने, शाळेने आणि कार्यालयाने करावयाचे आहे.